तारे तोडणारे

'तारे तोडणे' या वाक्प्रचाराचा अर्थ शाळेत आम्हाला शिकवला तो असा, की अकलेशी फारकत घेऊन वाटेल ते बोलणे. वाक्यात उपयोगही करायला लावत. तेव्हा बाईंना काय किंवा आम्हाला काय, स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं, की हा वाक्प्रचार एक दिवस शब्दशः खरा ठरेल आणि खरोखरचे तारे खुडून टाकणारी माणसं निघतील. माणसं कसली, कंपन्या!

हल्ली मोबाईलवर कुठलंही ॲप घ्यायला जा, नावाखाली तारे असतात. वापरणाऱ्यांनी एकापासून पाचापर्यंत तारे द्यायचे, त्यांची सरासरी निघायची आणि ती पाहून तुम्ही-आम्ही ठरवायचं, की ही वस्तू घरात घ्यावी की नाही. व्यवस्था इतकी सोपी, की ती आमच्या शाखेतल्या शिपायाला आणि आमच्या रीजनल मॅनेजरना, दोघांनाही सारखीच कळते; आणि अशा गोष्टी जगात फार थोड्या. पण ज्या दुकानात हे तारे टांगलेले असतात, त्या दुकानाचा मालक अधूनमधून त्यांतले काही उतरवून केराच्या टोपलीत टाकतो. बहुतेक वेळा उतरवतो ते एकएकटे तारे, म्हणजे शिव्या. कधी पाचाचे झुबकेही उतरवतो, कारण तेही विकत आणलेले निघतात. तसं करायचा त्याला अधिकार आहे का, आणि असला तर त्यानं तो कसा वापरावा, हा मला पडलेला प्रश्न. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. नीतिशास्त्राशी माझा संबंध अकरावीत ज्याच्या शेजारी बसायचो तो पुढे तत्त्वज्ञान घेऊन बी. ए. झाला, इतकाच. पण हा प्रश्न नीतीचा असूनही हिशेबाच्या वहीतून आला आहे, तेव्हा त्यावर बोलायला मला हरकत नसावी.

दुसऱ्याचा अभिप्राय घेऊन मग पाऊल टाकायचं, ही काही मोबाईलनं शिकवलेली अक्कल नव्हे. पूर्वी मुलीसाठी स्थळ आलं की मुलाकडच्यांची चौकशी व्हायची. ती कुणाकडे करायची याचं एक शास्त्र होतं. मुलाच्या मामाकडे करायची नाही, तो गोडच बोलणार. चुलत्यांकडे तर मुळीच नाही, तिथं जमिनीचा दावा चालू असायचा. चौकशी करायची ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडे. उधारी किती महिने तुंबते, तूप किती जातं आणि पाहुणे आले की साखर किती वाढते, हे सगळं त्याच्या वहीत असे. माझ्या एका आत्याचं लग्न वाण्याच्या एका वाक्यावर ठरलं. तो म्हणाला, "माणसं चिकट आहेत, पण पैसे पहिल्या तारखेला देतात." आता हे वाक्य ताऱ्यांत मांडून दाखवा! आजोबा सांगत, त्यानं 'चिकट आहेत' म्हटलं म्हणून 'पैसे देतात' यावर विश्वास बसला. नुसतंच 'माणसं देवमाणसं आहेत' म्हणाला असता, तर आजोबांनी पुढल्या गल्लीतला वाणी गाठला असता.

ॲपच्या दुकानात वाणी, मामा आणि चुलते यांना एकेकच मत. कोण बोलतोय ते दिसत नाही. दिसलंच तर नावाच्या जागी एखादं अक्षर आणि पुढे चार आकडे, नाहीतर फुलाचा फोटो. मग वापरणाऱ्याच्या हाती राहते ती सरासरी. आता सरासरी ही बाई दिसायला सोज्वळ, पण वागायला... असो. एक उदाहरण देतो, तेवढं गणित सोसा. शंभरांपैकी ८० जणांनी पाच-पाच तारे दिले आणि २० जणांनी एकेक. सरासरी आली ४.२. त्या वीसांतले पंधरा रातोरात नाहीसे केले की उरलेल्या ८५ जणांची सरासरी होते ४.७६, म्हणजे पाटीवर ४.८. कुणाचं मत बदललेलं नाही, ॲपचा एक स्क्रूसुद्धा कुणी आवळलेला नाही, आणि तरी ॲप सुधारलं! एवढ्या थोड्या कष्टांत एवढी सुधारणा मी आयुष्यात दुसरी पाहिलेली नाही. आमच्या शाखेतल्या एखाद्या कॅशियरनं संध्याकाळी अशी 'सुधारणा' करून कॅश जुळवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या जागेवर दुसरा कॅशियर बसलेला दिसेल.

बरं, तारे देणारे तरी धुतल्या तांदळासारखे आहेत का? पाच तारे म्हणजे 'उत्तम' हा अर्थ केव्हाच गेला. पाच म्हणजे 'काही तक्रार नाही'. चार म्हणजे 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती'. तीन म्हणजे भांडण. टॅक्सीतून उतरताना ड्रायव्हर मान वळवून म्हणतो, "साहेब, फाइव्ह स्टार द्या हां." त्याच्या आवाजात असं काही असतं, की चार देणं म्हणजे त्याच्या पोरांच्या ताटातली पोळी काढून घेणं वाटावं. त्यानं गाणी मोठ्यानं लावली होती, सिग्नलही एक तोडला. पण मी पाच देतो. माझ्या सत्यनिष्ठेची किंमत त्यानं का भरावी? लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून "जेवण कसं झालं?" विचारत येतो, तेव्हा मठ्ठा आंबट होता असं आजवर कुणी सांगितलंय का? तशातलीच ही गत.

आमच्या बँकेचंच घ्या. नाव सांगत नाही; मला अजून सोळा वर्षं नोकरी करायची आहे. मध्यंतरी वरून एक सर्क्युलर आलं, की बँकेच्या ॲपचं रेटिंग घसरलं आहे, तरी प्रत्येक शाखेनं पन्नास 'उत्स्फूर्त' अभिप्राय मिळवून द्यावेत. उत्स्फूर्त हा शब्द सर्क्युलरातलाच. आमचे मॅनेजर हाडाचे सरळ. त्यांनी तो शब्द मनावर घेतला आणि संध्याकाळपर्यंत पन्नास उत्स्फूर्त मिळाले पाहिजेत म्हणून सगळ्यांना कामाला लावलं. आमच्या हेडकॅशियरांनी सरळ जाहीर केलं, की ॲप मी वापरत नाही, सबब अभिप्राय देणार नाही. मॅनेजर म्हणाले, "अहो, वापरत नाही म्हणजे तक्रार नाही. तक्रार नाही म्हणजे पाच!" या तर्कशास्त्राला माझ्या अकरावीतल्या मित्राकडेही उत्तर नव्हतं.

तेव्हा चांगले तारे खोटे असू शकतात, हे उघड आहे. पण वाईट तारेसुद्धा खोटे असू शकतात. आणि इथंच पुसणाऱ्यांची बाजू ऐकून घ्यावी लागते.

मे २०२०. सगळा देश घरात कोंडलेला. रोज पोळीभाजी आणि हातात मोबाईल. त्या वेळी कॅरीमिनाटी या नावानं प्रसिद्ध असलेल्या तरुणानं टिकटॉकवाल्यांची टर उडवणारा एक व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. यूट्यूबनं छळवणुकीच्या नियमावर बोट ठेवून तो काढून टाकला. त्याचे चाहते खवळले. आता व्हिडिओ काढला यूट्यूबनं, तर राग यूट्यूबवर निघायला हवा की नाही? पण नाही. वड्याचं तेल वांग्यावर! लाखो पोरांनी प्ले स्टोअरवर जाऊन टिकटॉकला एकेक तारा ठोकला. त्यातच टिकटॉकवरच्या एका ओंगळ व्हिडिओचं प्रकरण निघालं आणि आगीत तेल पडलं. चाराच्या वर असलेलं रेटिंग बघता बघता सव्वाच्या आसपास आलं. मग गूगलनं झाडू हातात घेतला. बातम्यांत आकडा आला तो ८० लाखांच्या वर अभिप्राय पुसल्याचा. रेटिंग पुन्हा ४.४. गंमत अशी, की यूट्यूब गूगलचंच आणि प्ले स्टोअरही गूगलचंच. म्हणजे एका हातानं पेटवलेली शेकोटी दुसऱ्या हातानं विझवली. पुढे महिन्याभरात, २९ जून २०२०ला, भारत सरकारनं टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली आणि ४.४ खरे की सव्वा खरा, हा वादच बंद पडला.

हे ८० लाख अभिप्राय पुसणं चूक होतं, असं मला छातीवर हात ठेवून म्हणवत नाही. त्यांतल्या कितीजणांनी ते ॲप कधी उघडलं तरी होतं? माझ्या मेहुण्याच्या मुलानं तर ते फक्त एक तारा देण्यासाठी उतरवून घेतलं आणि तारा देऊन काढून टाकलं. न खाल्लेल्या पुरणपोळीला नावं ठेवायची आणि तीसुद्धा पंगतीत मुद्दाम पाट मांडून, हा अभिप्राय नव्हे, मोर्चा झाला. मोर्चा काढू नये असं नाही, पण त्याची सरासरी काढू नये.

जमाव रागावला की त्याला पत्तासुद्धा नीट वाचता येत नाही. बिचाऱ्या स्नॅपडीलचं पाहा. नोव्हेंबर २०१५मध्ये आमिर खान असहिष्णुतेवर काही बोलला. तो स्नॅपडीलची जाहिरात करायचा, म्हणून लोकांनी स्नॅपडीलला एकेक तारा दिला. त्यात स्नॅपडीलचा दोष एवढाच, की त्यांनी नट निवडला. पण एप्रिल २०१७मध्ये तर कहर झाला. स्नॅपचॅटचा मुख्य अधिकारी भारताला गरीब देश म्हणाला, असा आरोप एका जुन्या नोकरानं कोर्टात केला होता. कंपनीनं तो नाकारला, पण ऐकतो कोण? आपली स्वाभिमानी मंडळी चवताळून उठली, आणि त्यांतल्या काहींनी नावातला 'स्नॅप' पाहिला न पाहिला तोच पुन्हा स्नॅपडीललाच धुतलं! आमच्या चाळीत एकदा दोन कुलकर्णी होते. वसुलीवाले ज्याच्याकडे यायचे तो नेहमी दुसरा कुलकर्णी असायचा. स्नॅपडील हा त्यातला 'दुसरा कुलकर्णी'.

चीनमधल्या पोरांची हकिगत याहून सरस. २०२०च्या सुरुवातीला शाळा बंद झाल्या आणि डिंगटॉक नावाच्या ॲपवरून घरचा अभ्यास येऊ लागला. पोरांत अशी वार्ता पसरली, की फार कमी तारे मिळाले की ॲप दुकानातून काढून टाकतात. झालं! ४.९ वर असलेलं ॲप थोड्या दिवसांत १.४ वर आणून ठेवलं. शेवटी एवढ्या बलाढ्य कंपनीनं कार्टूनचा व्हिडिओ काढून पोरांची विनवणी केली. मला या पोरांचं कौतुक वाटतं हे खरं आहे. पण ॲप चांगलं की वाईट, हे त्यांच्या ताऱ्यांवरून ठरवायचं तर पाढे पाठ करायला लावणारा प्रत्येक मास्तर एक ताऱ्याचाच ठरेल.

तेव्हा पुसणाऱ्यांचं म्हणणं असं, की आम्ही सत्य पुसत नाही, धुरळा पुसतो. ऐकायला रास्त आहे. पण धुरळा कुठला आणि सत्य कुठलं, हे ठरवणार कोण?

कारण त्याच झाडूनं जानेवारी २०२१मध्ये अमेरिकेत दुसराच कचरा काढला. तिथं रॉबिनहूड नावाचं शेअर खरेदी-विक्रीचं ॲप आहे. नाव पाहा! श्रीमंतांकडून काढून गरिबांना देणाऱ्याचं. गेमस्टॉप नावाच्या दुकानांच्या कंपनीचा शेअर छोट्या गुंतवणूकदारांनी मिळून आभाळाला नेला होता. २८ जानेवारीला रॉबिनहूडनं त्या शेअरची खरेदी बंद केली. विक्री चालू ठेवली. आता ज्या बाजारात विकता येतं पण घेता येत नाही, तिथं भाव कुठल्या दिशेला जाईल हे कळायला बी. कॉम. व्हावं लागत नाही. कंपनीचं म्हणणं, की सौदे पुरे करणाऱ्या संस्थेकडे भरायच्या अनामतीची रक्कम अचानक वाढली, आमचा नाइलाज झाला. असेलही. पण ज्यांचे पैसे त्यात अडकले होते, त्यांनी संतापून एकेक तारा दिला. गूगलनं त्यांतले लाखभर अभिप्राय पुसून काढले. का? तर एकाच वेळी, एकाच सुरात इतके लोक बोलले, म्हणजे ते संगनमत असणार.

या ठिकाणी बँकेच्या काउंटरवर वीसेक वर्षं काढलेल्या माणसाला हसू येतं. आमच्याकडे महिन्याच्या एक तारखेला सर्व्हर बंद पडतो, तेव्हा पेन्शनचे चाळीस म्हातारे एकाच क्षणी, एकाच सुरात आणि बहुतेक वेळा एकाच शब्दात ओरडतात. त्याला आम्ही संगनमत म्हणत नाही. त्याला सर्व्हर डाऊन म्हणतात. सगळ्यांचे पैसे एका दिवशी अडकले तर सगळे त्याच दिवशी ओरडणार. पाळी लावून, तारखा वाटून घेऊन कोण ओरडतो? रॉबिनहूडवर काही आठवड्यांनी पुन्हा एकेक ताऱ्यांची रास पडली. तेव्हा मात्र गूगल म्हणालं, हे नियमात बसतात, राहू देत. बरं झालं. पण पहिले लाखभर कुठल्या नियमात बसत नव्हते आणि दुसरे कुठल्या नियमात बसले, हे समजायला बाहेरच्या माणसाला काही मार्ग नाही. कारण पुसलेली जागा स्वच्छ असते. तिथं काही होतं, याचीसुद्धा खूण नसते.

माझं भांडण या स्वच्छतेशी आहे.

मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या शाखेत कॉम्प्युटर आले होते, पण जुने हेडक्लार्क अजून लेजरच्या काळातले. त्यांनी मला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट शिकवली. आकडा चुकला तर रबर लावायचा नाही, ब्लेडनं खरवडायचं नाही, पांढरा रंग फासायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच सरळ रेघ मारायची, अशी की खालचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. ते म्हणत, "खाडाखोडीला लाजू नकोस. बिनखाडाखोडीची वही दिसली की इन्स्पेक्टर खुर्ची पुढे ओढून बसतो." आता वह्या गेल्या, पण तत्त्व गेलेलं नाही. चुकीची नोंद झाली तर ती उलटी नोंद करून फिरवतात, दोन्ही नोंदी राहतात. १ एप्रिल २०२३पासून तर आपल्या देशात कंपन्यांना हिशेबासाठी असंच सॉफ्टवेअर वापरायचं बंधन आहे, जे प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद ठेवतं आणि ज्याची ही सवय कुणाला बंद करता येत नाही. म्हणजे चार खोल्यांत मसाले कुटणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनीसुद्धा काल लिहिलेला आकडा आज गुपचूप बदलू शकत नाही. आणि अब्जावधी लोकांना विश्वासाचा आकडा दाखवणारं दुकान मात्र लाखो नोंदी एका रात्रीत रबरानं खोडू शकतं!

बँकांना या बाबतीत नावं ठेवायची लोकांना हौस असते, म्हणून सांगतो. बुडालेली कर्जं आम्हीसुद्धा ताळेबंदातून काढतो. त्याला राइट-ऑफ म्हणतात आणि त्यावर वर्तमानपत्रांत अग्रलेख येतात. पण ते कर्ज ताळेबंदातून गेलं तरी त्याची वेगळी नोंद राहते, ते कुणी मंजूर केलं आणि कुणी काढलं याच्या सह्या राहतात, आणि वसुलीवाला त्या माणसाच्या दारात जातच राहतो. कर्ज बुडतं, कर्जाची गोष्ट बुडत नाही.

आमच्या शाखेत एक जुनी तक्रारवही आहे. छापील पृष्ठक्रमांकांची, जाड पुठ्ठ्याची. तिच्यातल्या तक्रारी फार सौम्य. पंखा फिरत नाही, पेनाला दोरी आहे पण पेन नाही, क्लार्क मान वर करून बोलत नाही. प्रत्येकीखाली त्या त्या मॅनेजरचा शेरा आणि सही. पण त्या वहीत ३७ नंतर एकदम ३९ पान आहे. वही शाखेत कुणीही वाचायला घेतली की सदतीस पानं तो भराभर उलटतो आणि इथं थांबतो. ३८व्या पानावर काय होतं, याविषयी आमच्या शाखेत आजही तीन मतप्रवाह आहेत. एकात जुन्या मॅनेजरचा मेहुणा येतो, दुसऱ्यात लॉकरची किल्ली येते, तिसरं मी इथं लिहू शकत नाही. ते पान तसंच राहिलं असतं तर पंखाबिंखाच निघाला असता. पण निदान पान फाडलंय हे तरी वहीनं सांगितलं, कारण पानांना क्रमांक होते. ॲपच्या दुकानातल्या अभिप्रायांना क्रमांक नाहीत. त्या वहीतलं ३८वं पान फाटलं तर ३९वं पान आपोआप ३८वं होतं.

तेव्हा पुसू नका असं मी म्हणत नाही. रेघ मारा. सरासरीतून वगळा. पण तिथं लिहा, की अमुक महिन्यात इतके लाख अभिप्राय अमक्या कारणानं काढले, पाहायचे असतील तर इथं पाहा. मी पाहणार नाही. तुम्हीही पाहणार नाही. कोर्टाची नोटीस चावडीवर लावतात ती तरी कोण वाचतो? पण ती लावायची म्हटली की लिहिणारा चार वेळा विचार करून लिहितो.

आणि हे विचारायला जास्त जोर येतो तो अशासाठी, की इथं तराजू ज्याचा, त्याचाच मालात वाटा आहे. ॲपमधून होणाऱ्या विक्रीवर ही दुकानं ३० टक्क्यांपर्यंत कमिशन घेत आली आहेत. ते घ्यायलाही हरकत नाही, दुकान चालवायला पैसा लागतोच. पण मंडईतल्या भाजीवालीच्या अर्ध्या किलोच्या वजनावरसुद्धा सरकारी शिक्का लागतो आणि तो दरवर्षी-दोन वर्षांनी पडताळून घ्यावा लागतो. ताऱ्यांच्या वजनावर शिक्का कुणाचा?

पुसण्याहूनही नामी युक्ती आहे ती लिहूच न देण्याची. काही ॲप मध्येच गोड आवाजात विचारतात, "आमचं ॲप आवडलं का?" 'हो' म्हटलंत तर तुम्हाला सन्मानानं ताऱ्यांच्या दुकानात नेतात. 'नाही' म्हटलंत तर खाजगीत एक खिडकी उघडते, "आम्हाला सांगा, काय झालं?" त्या खिडकीत तुम्ही कितीही ओरडा, आवाज बाहेर जात नाही. अमेरिकेत फॅशन नोव्हा नावाच्या कपडे विकणाऱ्या कंपनीवर आरोप होता, की चार आणि पाच ताऱ्यांचे अभिप्राय तिच्या संकेतस्थळावर आपोआप लागत आणि त्याखालचे मंजुरीसाठी थांबवून ठेवले जात. ती मंजुरी वर्षानुवर्षं आलीच नाही. जानेवारी २०२२मध्ये तिथल्या व्यापार आयोगाशी तडजोड करताना तिनं ४२ लाख डॉलर मोजायचं कबूल केलं. आमच्याकडच्या लोन सेक्शनचा तिथं कुणी गेला होता की काय, न कळे! 'मंजुरीसाठी प्रलंबित' हा शब्दप्रयोग आम्हाला अपरिचित नाही. पुढे ऑगस्ट २०२४मध्ये त्या आयोगानं खोट्या अभिप्रायांवर आणि अशा दडपादडपीवर नियमच केला. आपल्याकडेही नोव्हेंबर २०२२मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि छापावेत याचं एक मानक काढलं. आयएस १९०००. काढलं तेव्हा ते ऐच्छिक होतं. हेल्मेट ऐच्छिक असताना पुण्यात किती डोकी झाकलेली दिसत, हे वाचकांना मी सांगायला नको.

मला हा विषय एवढा का लागला, असं आमच्या सौ.नं विचारलं. तिला वाटतं मी शेपूचा राग काढतोय. तीही हकिगत सांगून टाकतो. किराणा घरपोच देणाऱ्या एका ॲपवरून आम्ही कोथिंबीर मागवली. आला शेपू. कळवलं, तर पैसे परत आले. मी तीन तारे दिले आणि खाली लिहिलं, "कोथिंबीर मागवली, शेपू आला. पैसे परत मिळाले. शेपू चांगला होता." यापेक्षा समतोल मजकूर मी बँकेच्या इन्स्पेक्शन रिपोर्टला उत्तर देतानाही लिहिलेला नाही. आठवड्यानं पाहतो तो अभिप्राय गायब. कारण नाही, सूचना नाही, रेघ नाही, सही नाही. त्यात आक्षेपार्ह काय होतं, हे मी शेपू मुळीच न खाणाऱ्या दोन माणसांनासुद्धा वाचून दाखवून विचारलं. त्यांना शेपू सोडून काही आक्षेपार्ह सापडलं नाही. एका यंत्रानं तो वाचला असेल आणि त्याला मराठी शेपू ही शिवी वाटली असेल, असा माझा अंदाज आहे. पण तो अंदाजच. विचारायला समोर कुणी नाही. बँकेत निदान "मान वर करून बोलत नाही" अशी तक्रार करायला एक मान तरी असते.

सौ. या ताऱ्यांच्या भानगडीत पडतच नाही. गेल्या महिन्यात रोजचं दूध घरपोच देणारं एक ॲप घ्यायचं घाटत होतं. मी पाचांचे सोडले, एकांचे सोडले, तीन ताऱ्यांचे तेवढे तारीखवार वाचत तासभर बसलो. रेटिंग ४.६. कंपनीनं प्रत्येक तक्रारीखाली लिहिलेलं, "आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत." शब्दाचाही फरक नाही. तेवढ्यात सौ. गॅलरीत गेली आणि समोरच्या वहिनींना हाक मारून तिथूनच विचारून आली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाल्या, दूध चांगलं आहे, साय चांगली येते. पण तो मुलगा रविवारी येत नाही. ॲपवर येतो म्हणून लिहिलंय, पण येत नाही."

आम्ही ते ॲप घेतलं. शनिवारी अर्धा लिटर जास्त घेतो.